तुम्ही विचारलंत म्हणून : जमिनी मोजल्या, घेतली का नाही?

लग्नकार्यात, एसटीत, हल्ली तर दवाखान्याच्या बाकड्यावरसुद्धा कुणीतरी विचारतंच, "तात्या, उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला. शेतकऱ्याचं पोर तुम्ही. मग स्वतःला दोन एकर तरी का नाही घेतलंत?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं. एक तर मी फार सरळ माणूस असणार, नाहीतर कुठंतरी बायकोच्या नावावर घेऊन गप्प बसलेला असणार. दोन्ही खरं नाही. सरळपणाचं तर सोडाच, घ्यायची ऐपत नव्हती असंही नाही. साठ-सत्तर हजारांत चांगली एकरभर जमीन मिळायची ते दिवस मी नोकरीतच पाहिलेत.

मी मंगळवेढ्याकडचा. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली, ते मंगळवेढं. आमच्याकडची जमीन काळी, खोल. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की शेळीचं करडू पाय अडकून बसायचं. विहिरी थोड्या, त्यांनाही पाणी बेताचं. तरी ज्वारी यायची, कारण हस्ताचा पाऊस जमीन पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर मालदांडी थंडीभर उभी राहते. आण्णा पेरणीची पाभर हाणायचे, आई तिच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरायची. आईची मूठ सारखी पडते म्हणून भावकीतले लोकही तिला पेरणीला बोलवायचे. मी राखणीला. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, हाका मारायच्या, आणि मास्तरांनी दिलेला धडा तिथंच पाठ करायचा. पाखरांनाही तो पाठ झाला असेल.

आमच्या रानाला आकडा होता, पण घरात तो कुणी उच्चारत नसे. चिंचेखालचं, ओढ्याकडचं, पांढरीचं, खडकाळ असं बोलायचे. कुठल्या तुकड्यात हरळी माजते, कुठं पाणी तुंबतं, कुठं कणीस भरतं ते सगळ्यांना ठाऊक. सुगी झाली की ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, जायची. पेव उघडायचं ते मात्र सगळ्यांच्या साक्षीनं, आणि उघडल्याबरोबर आत कुणी उतरायचं नाही. आत कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. एवढी खबरदारी मी पुढं कुठल्या कचेरीत पाहिली नाही.

जुनी अकरावी झालो आणि १९७२ चा दुष्काळ आला. त्याच्या आदल्या सालीही पाऊस धड नव्हता. पेवं रिकामी, कडबा संपलेला, बैल विकायला नेले तर गिऱ्हाईक नाही. गावात अमेरिकेतून आलेली लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायला लागली. ज्वारीच्या कोठारातले लोक मिलोच्या भाकरी खायला लागले. मुलांना सुकडी. सगळं गाव रोजगार हमीच्या कामावर, कुठं खडी फोडायला, कुठं पाझर तलावाच्या मातीला. वि. स. पागे यांनी मांडलेली ती योजना. तिचा कायदा पुढं १९७७ साली झाला. आमच्यापर्यंत ती आली ती टोपलं आणि फावडं घेऊनच.

त्या कामावर मजुरी हजेरीवर नव्हती, मापावर होती. टोळीनं खड्डा काढायचा, मध्ये मातीचा एक उंचवटा तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते कळतं. मग साहेब येऊन लांबी, रुंदी, खोली घेणार आणि ब्रासात हिशेब. शंभर घनफुटांचा एक ब्रास. मला लिहिता-वाचता येतं म्हणून टेपचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. आठवडाभर खपलेल्या बाया त्या टेपकडे ज्या नजरेनं बघायच्या, ती नजर मला नोकरीत पुढं रोज भेटली. टेप इंचभर सैल धरला तर कुणाच्या तरी घरातलं पीठ कमी होणार, हे मला कुणी शिकवलं नाही, ते समोर दिसतच होतं.

सेवायोजन कार्यालयात नाव होतं, काही वर्षांनी बोलावणं आलं आणि भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा, झालो. आण्णांना फारसा आनंद झाला नाही. "दुसऱ्याची रानं तुडवत हिंडणार व्हय?" एवढंच म्हणाले.

आमची मोजणीची शंकू साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू केली, तिच्याच वाटेनं आमचं काम चालायचं. जुनी टिपणं मोडी लिपीत, त्यामुळं मोडी शिकणं आलं. शंभर वर्षांपूर्वी कुणा अनामिक मोजणीदारानं साखळी-आण्यांत लिहिलेलं अंतर आज रानात जाऊन जुळवायचं, आणि ते जुळलं की त्या माणसाला मनातल्या मनात रामराम घालायचा. पुढं सातबारा हेक्टर-आरमध्ये आला. आर आणि गुंठा यांत फरक तेरा चौरस फुटांच्या आसपास, म्हणून लोक कागदावर आर वाचतात आणि तोंडानं गुंठाच म्हणतात. मोजणीचं जुनं प्लेन टेबल गेलं, माझ्या शेवटच्या वर्षांत इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, म्हणजे ईटीएस यंत्र आलं. यंत्र फार अचूक. भांडणं तेवढीच.

कारण भांडण क्षेत्राचं नसतंच. सातबाऱ्यावर दोन हेक्टर आणि जाग्यावर एक पंच्याण्णव, याची कारणं साधी असतात. ओढ्यानं काठ खाल्लेला असतो, पोटखराबा, म्हणजे न पिकणारा भाग, लोकांनी धरलेला नसतो, नाहीतर शेजारी दरसाल नांगराचं एक तास बांधात घालत आलेला असतो. बांध कोरणं म्हणतात त्याला. पण अर्ज यायचा तो बांध कोरला म्हणून नव्हे. बांध वीस वर्षं कोरलेला चालतो. मग एखाद्या बारशात मान मिळत नाही, किंवा विहिरीवरची मोटर चालू करायची पाळी चुकते, आणि दुसऱ्या दिवशी 'हद्द कायम'चा अर्ज. मी हद्द दाखवायचो. जे खरं दुखत होतं ते माझ्या नकाशात बसत नव्हतं.

मोजणीच्या दिवशी मोजणीदारानं कुणाच्या घरचा चहा घेतला यावरून लोक निकाल ठरवतात. अर्जदार खुर्ची आणतो, लगतधारक, म्हणजे शेजारच्या रानाचा मालक, लिंबाखाली घोंगडं अंथरतो. मी दोन्हीकडे बसत नसे. डबा घरचा, पाणी घरचं. उन्हात उभं राहून खाल्लेल्या त्या डब्यांमुळं पोटाचं दुखणं मात्र कायमचं लागलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. जमीन विकायला निघाली की पुष्कळदा आधी मोजणी येते. त्यामुळं कुठल्या घराचं काय बिनसलंय ते दलालाच्या आधी मला कळायचं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची सोसायटीची थकबाकी, कुणाच्या मुलीचं लग्न. म्हातारा खुंट रोवायला मदत करतो, खुंट पक्का बसला की त्यावर हात ठेवून उभा राहतो. अशा माणसाकडून मी 'संधी' म्हणून जमीन घ्यायची? ज्यांनी घेतली त्यांना मी चोर म्हणत नाही, कायद्यानं घेतली त्यांनी. पण ज्या तालुक्यात मी हद्दी दाखवतो त्याच तालुक्यात माझा स्वतःचा बांध असावा, हे मला पटेना. उद्या माझ्या शेजाऱ्यानं मोजणी मागितली तर त्यानं विश्वास ठेवायचा कुणावर?

आणि दुसरं, हे कदाचित जास्त खरं. मला कसायची नव्हती. नोकरी करत शनिवार-रविवारी शेती करणारे मी पाहिलेत. ते शेती करत नाहीत, गड्याला फोन करतात. आता तर फाटक, पाटी, हिरवळ आणि मध्ये कुलूप. काळ्या रानात हिरवळ लावलेली पाहिली की माझ्या तोंडून शिवीच येते. ज्या जमिनीत माझी राखण नाही, माझी मूठ नाही, तिचा सातबारा पेटीत ठेवून करू काय?

वडिलार्जित होतीच की, असंही म्हणतात. होती. आण्णा गेले, वारसांची नावं लागली, आम्हा भावांची आणि बहिणींचीही. आमच्याकडे रिवाज असा की भाऊ कसतात आणि बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं बसवलं, पण रिवाज जागचा हलला नाही. निवृत्त झाल्यावर मी म्हटलं, बहिणींची सही नको, माझी घ्या. मला पेन्शन आहे. थोरला भाऊ दोन दिवस बोलला नाही. त्याला वाटलं मी त्याला लाजवतोय. थोडंफार लाजवतही होतो. शेवटी हक्कसोड झालं, फेरफार झाला, माझं नाव उताऱ्यावरून गेलं.

म्हणजे आज मनात आणलं तरी अडचण आहे. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं, आणि माझ्या नावावर गुंठाही नाही. आण्णांच्या नावाचे जुने उतारे काढून खटपट कर म्हणणारे भेटतात. त्यांना मी चहा पाजून वाटेला लावतो.

आता पुतण्यांना वाटणी हवी आहे. चिंचेखालचं कुणाला आणि ओढ्याकडचं कुणाला, यावर गाडी अडलीय. परवा धाकटा म्हणाला, "तात्या, घरात मोजणारा असताना फी कशाला भरायची?" मी सांगितलं, अर्ज करा, चलन भरा, लगतधारकांना नोटिसा जाऊ देत. मोजणीला नवीन पोरगं येईल, यंत्र घेऊन. त्याला कुणी खुर्ची देऊ नका. मी येईन, बांधावर बसेन आणि चहा दोन्ही घरचा पिईन.