हमरापूरचे पांढरे गणपती

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी लिहीत नाही, मणके लिहितील. पेणच्या अलीकडे हमरापूर, जोहे, कळवे. ओट्यापासून पत्र्याच्या शेडपर्यंत रांगेने कच्चे, पांढरे गणपती.

‘पीओपी बंद करा’ म्हणणाऱ्यांनी जुलैतली शेड बघावी. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. ते कालवून, काथ्या घालून रबरी साच्यात ओतलं की अर्ध्या तासात कडक. शाडू आधी भिजवा, मग लोण्यासारखा मळा. खडा राहिला तर तिथेच तडा. साच्यात अंगठ्याने दाबत थर द्यायचा, आतून पोकळ. थर जाड झाला तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि फाटतो. हात वेगळे करून शाडूच्या राबडीने जोडायचे. सुकवायचं सावलीत, उन्हात भेगा. पावसाळी हवेत मोठ्या मूर्तीला पंधरा दिवस सहज, तोवर जागा अडलेली. घाईने रंग चढवला की पापुद्रे.

दीड फुटी शाडूची मूर्ती उचलायला दोन्ही हात लागले, तेही पाटाखालून. किरीटाला धरली तर किरीटच हातात! तेवढीच पीओपीची एका हातात येते. टेम्पोवाल्याला कुठली आवडणार?

मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला वाट दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको, असं बजावून. त्याच्या पुढच्याच महिन्यात सहा फुटांवरच्या मूर्तींना मार्च 2026 पर्यंत समुद्र पुन्हा मोकळा केला. म्हणजे घरचा एक फुटी बादलीत आणि टनभर प्लास्टर समुद्रात! पूजेत मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची हवी; वीस फुटी हवी असं कुठल्या पोथीत आहे? मंडळांनी उंची उतरवली तरच शाडू कारागिराला परवडेल. नुसत्या बंदीने त्याचं कर्ज फिटत नाही.

घरी पीओपीची आलीच असेल तर मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात साधारण तिच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घाला, दर दोन-तीन तासांनी ढवळा. छोटी मूर्ती दोनेक दिवसांत विरघळते. तळाशी खडूसारखा गाळ बसतो, वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट. भरपूर पातळ करून झाडांना चालतं. बादली मात्र गॅलरीत ठेवा. बंद बाथरूममध्ये अमोनियाचा असा भपकारा येतो की ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना डोळ्यांत पाणी येतं, आणि ते भक्तीचं नसतं.