गोटी ज्याच्या हाती, गाडी त्याची

गेल्या दिवाळीत बहीण मुलांना घेऊन खानापूरहून आमच्याकडं बेळगावात टिळकवाडीला आली. मी हौसेनं टेबलावर माझ्या मॉडेल रेल्वेचे लंबगोल रूळ मांडले. माझी गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. दोन रुळांत अंतर 16.5 मिलिमीटर. नऊ वर्षांचा भाचा दहा मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "मामा, हे नुस्तं गोल गोल फिरूलालंय की!" मग त्यानं वेगाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. इंजिन वळणावरून थेट फरशीवर. इंजिन दुरुस्त झालं, पण दुसऱ्या दिवशी मुलं त्या खोलीत फिरकलीच नाहीत, ते मला फार लागलं.

संध्याकाळी त्यांना टिळकवाडीतल्या 'दुसरं गेट' म्हणतात त्या रेल्वे फाटकावर घेऊन गेलो. मालगाडी गेली, गेट उघडलं, तरी दोघं हलेनात. कुठल्या वाघिणीत (मालडब्यात) काय असेल, ती कुठं सोडणार, गेटवाल्याला गाडी येतेय हे कळतं कसं, प्रश्नांवर प्रश्न. त्यांना गाडीचं काम हवं होतं आणि मी त्यांना नुसती धावणारी गाडी दाखवत होतो.

घरी येऊन लंबगोल मोडला. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश हौशी मॉडेलकारानं रचलेलं शंटिंगचं, म्हणजे डबे पुढंमागं करून हव्या क्रमानं लावायचं, कोडं मला माहीत होतं. तीन सायडिंगं, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ: एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, दोनच. पुढच्या आखूड रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, बस्स. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. असे क्रम 6,720 होतात, त्यामुळं डाव सहसा परत येत नाही.

पाच फूट लांब, एक फूट रुंद प्लायवूड पुरलं. पहिली चूक मात्र तिथंच झाली. पुढचा रूळ मी मोकळा राहावा म्हणून लांब ठेवला आणि भाच्यानं पाच वाघिणी एकदम ओढून कोडंच संपवलं. जागेची टंचाई हाच तर त्यातला खेळ! रूळ कापला. मग ढकलताना हलक्या वाघिणी सांध्यावर चढू लागल्या. प्रत्येकीच्या पोटात नट चिकटवून वजन वाढवलं. हुक सोडवायला उदबत्तीची काडी. काडी खालून अलगद लावायची, इंजिन केसभर मागं घ्यायचं, हुक सैल पडतो, मग वर उचलायचा. हे भाचीला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

चिठ्ठ्यांवर उगारची साखर, खानापूरची कौलं, लोंढ्याचं लाकूड असं लिहिलं. भाचीला अजून भरभर वाचता येत नाही, म्हणून शेजारी चित्रं काढली. आधी घड्याळ लावलं होतं, पण घाईत धडकाधडकी व्हायची. ते काढून इंजिनानं किती वेळा दिशा बदलली तेवढं मोजायला लागलो. गाडी आपोआप हळू चालायला लागली.

राहिलं भांडण: बटण कोणाच्या हातात? इथं जुनी रेल्वे उपयोगी पडली. एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरला टोकनचा लोखंडी गोळा मिळाल्याशिवाय पुढच्या स्टेशनकडं निघता येत नसे. आम्ही गोळ्याच्या जागी काचेची गोटी घेतली. एक जण स्टेशन मास्तर, एक ड्रायव्हर. मास्तर गोटी देईल तेव्हाच गाडी हलणार. वाघीण घसरली की गोटी परत आणि कामाची अदलाबदल. खरे मास्तर लाईन क्लिअर, म्हणजे गाडी पुढं सोडायची परवानगी, देताना खूण म्हणून एकमेकांना खाजगी नंबर सांगतात, हेही मी सांगितलं. मुलांनी ते लगेच उचललं. भाची दोन आकडी नंबर वहीत लिहून ठेवते आणि भाऊ चुकीचा बोलला तर गोटी मुठीत घट्ट धरते.

पाडव्याच्या दुपारी आई फराळाला हाका मारत होती. ड्रायव्हर उठू बघत होता. मास्तरीण बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "थांब. मी लाईन क्लिअर दिलो नाही अजून." सायडिंगात कौलांची एक वाघीण राहिली होती. ती जागेवर लागली, गोटी डबीत गेली आणि मग दोघं हात धुवायला गेली.