साप समजून भुई धोपटली: व्हीसीआर९७ टीव्हीच्या दुरुस्तीची पुढची नोंद

हा ४०५ ओळींचा, हाताने बांधलेला जुना टीव्ही, आणि त्याची पिक्चर ट्यूब म्हणजे रडारमधून आलेली व्हीसीआर९७. मागच्या नोंदीत लाइन (आडवी फेरी) आणि फ्रेम (उभी फेरी) दोन्ही पकडीत आल्या होत्या, टेस्ट कार्डचं वर्तुळही बऱ्यापैकी गोल दिसत होतं. चित्र मात्र धुरकट होतं आणि फोकसचा पॉट (फिरवायचा रेझिस्टन्स) टोकाला जाऊन अडकला होता. ते दुखणं मिटलं. ते मिटताच दुसरं उघडं पडलं, आणि या वेळचा सगळा मजकूर जवळपास त्यातच जाणार आहे.

आधी फोकसबद्दल. ईएचटीवरच्या (ट्यूबला लागणाऱ्या अतिउच्च व्होल्टेजवरच्या) रेझिस्टन्सच्या साखळीतले ४७० किलोओहमचे जुने कार्बन काढून मोजले, तर कोणी ६१० दाखवतो, कोणी ७८०. सगळे सारखे वाढले असते तरी निभावलं असतं, पण प्रत्येक जण आपल्या मर्जीने वाढलेला, त्यामुळे फोकस ॲनोडला हवं ते व्होल्टेज मिळेना. प्रत्येकाच्या जागी २२० आणि २४० किलोओहमचे दोन मेटल फिल्म एकापुढे एक लावले. साखळीतून अर्धा मिलिॲम्पियर जातो, म्हणजे वॉटेज एकानेही पेललं असतं. पण अर्ध्या वॉटच्या साध्या रेझिस्टन्सची व्होल्टेज मर्यादा बहुधा ३५० च्या आसपास असते, आणि साडेचारशे किलोओहमवर सव्वादोनशे ते अडीचशे व्होल्ट पडतात. दोघांत विभागले की काळजी नाही. आता पॉट बरोबर मध्यावर आणि ४०५ पैकी दिसणाऱ्या ओळी सुट्या सुट्या मोजता येतात. हे बघायला पाच मिनिटं नुसतं बसून राहावं असं दृश्य आहे.

पण ओळी स्पष्ट झाल्या आणि साप दिसला. डावी कड, उजवी कड, मधल्या उभ्या पट्ट्या, सगळ्या एकाच बाकात वळलेल्या, आणि तो बाक पडद्यावरून संथपणे वर सरकतो. साधारण अर्ध्या मिनिटाला एक फेरी. धुरकट चित्रात हाच बाक आधीही असणार, फक्त कळत नव्हता.

सरकण्याचं कोडं सोपं आहे. हा सेट ज्याने बांधला त्याच्या काळी बीबीसीचं प्रसारण मेन्सच्या (घरगुती विजेच्या) ५० हर्ट्झला बांधलेलं होतं. घरातला हम (विजेतून चित्रात शिरणारी लहर) आणि चित्राची फील्ड (वरून खाली एक फेरी) एकाच तालात, त्यामुळे बाक असला तरी जागच्या जागी थिजलेला, आणि थोडासा बाक डोळ्यांना खुपत नाही. ४०५ ओळींचं प्रसारण १९८५ च्या जानेवारीत संपलं. आता सिग्नल येतो स्टँडर्ड्स कन्व्हर्टरमधून (आजचं चित्र ४०५ ओळींत बदलणाऱ्या यंत्रातून) आणि त्याची फील्ड क्वार्ट्झवर चालते. मेन्स ५०.०३ हर्ट्झ असेल तर फरक ०.०३ चा, म्हणजे तेहतीस सेकंदांना एक फेरी. म्हणून जुन्या बांधणाऱ्याला जे चाललं ते आपल्याला चालत नाही.

हम कुठून शिरतो हे मात्र सोपं नव्हतं. पहिला संशय नेहमीप्रमाणे एचटीच्या (व्हॉल्व्हना लागणाऱ्या ३५० व्होल्टच्या पुरवठ्याच्या) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर. दोन ३२ मायक्रोफॅरॅडचे बदलले, काही फरक नाही. समांतर आणखी ३२ टेकवून पाहिला, तरी नाही. खरं तर चित्राकडे नीट पाहिलं असतं तर ही भुई धोपटावीच लागली नसती. एक फील्ड २० मिलिसेकंदांची. ५०चा हम असेल तर वरपासून खालपर्यंत एकच पूर्ण लाट दिसते, १०० चा असेल तर दोन. ५यू४जी हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह एसीच्या दोन्ही बाजू वापरून डीसी करतो, म्हणजे एचटीचा रिपल (डीसीत उरलेली लहर) १०० हर्ट्झचा, दोन लाटा हव्यात. इथे एकच होती. कंडेन्सर निर्दोष होते, उगाच निवृत्त झाले.

एक लाट म्हणजे तीन संशयित: व्हॉल्व्हमधली हीटर-कॅथोडची गळती, ईएचटीचा रिपल, किंवा चुंबकीय क्षेत्र. लाइन टाइमबेसचे (झोत आडवा फिरवणाऱ्या भागाचे) दोन्ही ईएफ५० व्हॉल्व्ह आवाजाच्या भागातल्यांशी बदलून झाले, बाक तसाच. (बदलताना पिना साफ करा. बी९जी सॉकेट आणि ईएफ५०च्या पिना यांचं कधीच पटत नाही. निम्मे ‘मेलेले’ ईएफ५० पिना घासल्यावर जिवंत होतात. लाल रंगाच्या ईएफ५०साठी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी ते कपाटात सजवून ठेवावेत. या कामात त्यांचं वेगळं काही दिसत नाही.) ईएचटी अर्ध्या लाटेवर चालते, तिचा रिपल ५० चा असतो खरा. पण ईएचटी हलली की चित्राचा आकार हलतो, म्हणजे डावी कड डावीकडे आणि उजवी उजवीकडे, चित्र श्वास घेतल्यासारखं फुगतं. इथे दोन्ही कडा एकाच दिशेला जात होत्या. म्हणजे पूर्ण झोतच कोणीतरी बाजूला ढकलतंय.

मग ठिपक्याची परीक्षा. ही करताना ब्राइटनेस अगदी खाली, ठिपका जेमतेम दिसेल इतका आणि मुद्दाम थोडा फोकसबाहेर. स्थिर ठिपका पडद्याचा फॉस्फर काही सेकंदांत जाळतो आणि व्हीसीआर९७ आता झाडाला लागत नाहीत. आधी दोन्ही टाइमबेसचे ऑसिलेटर व्हॉल्व्ह तेवढे काढले. बाकीचे जागेवरच ठेवायचे, कारण ट्रान्स्फॉर्मरवर भार असेल तेव्हाच त्याचं गळकं क्षेत्र खरं दिसतं. ठिपका ठिपका राहिला नाही, ४ मिलिमीटरची आडवी रेघ झाली. मग सेट बंद करून, ईएचटीचा कंडेन्सर इन्सुलेट केलेल्या रेझिस्टन्समधून उतरवून, ट्यूबच्या सॉकेटवरच झोत वळवणाऱ्या चारही प्लेटा शेवटच्या ॲनोडला जोडल्या. पुन्हा चालू. रेघ ३ मिलिमीटर.

हा एक मिलिमीटर गेला कुठे? म्हणजे साप एक नव्हता, दोन होते. तीन मिलिमीटर चुंबकीय, आणि एक प्लेटांच्या वायरिंगमधून येणारा.

छोटा साप आधी, कारण तो आपणच पाळलेला निघाला. गळके मेण-कागदी कंडेन्सर बदलताना एका एक्स (झोत आडवा वळवणाऱ्या) प्लेटच्या कपलिंगला ०.१ मायक्रोफॅरॅडऐवजी १००० पिकोफॅरॅडचा सिरॅमिक बसवला होता. लाइनची फ्रिक्वेन्सी १०,१२५ हर्ट्झ, तिला १००० पुरतो, हा हिशेब बरोबर होता. चुकलं ते ५० हर्ट्झचं. ०.१ मायक्रोफॅरॅड ५० हर्ट्झला सुमारे ३२ किलोओहम असतो, म्हणजे प्लेट हमच्या दृष्टीने जवळजवळ जमिनीला बांधलेली. १००० पिकोफॅरॅड मात्र ३.२ मेगओहम. वर प्लेटचा गळती-रेझिस्टन्स ३.३ मेगओहम. म्हणजे प्लेट हवेत लोंबकळतेय, आणि दोन बोटांवरून ईएचटी ट्रान्स्फॉर्मरच्या गरम टोकाची वायर गेलेली, तिच्यावर १७५० व्होल्ट एसी. दोघांत एक पिकोफॅरॅड जरी धरला तरी प्लेटवर शिखर ते शिखर साडेतीन व्होल्ट हम येतो. एका मिलिमीटरचा हिशेब लागला. ०.१ चा पॉलिप्रॉपिलीन बसवला, वायर चासीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून फिरवली, रेघ ४ ची ३ झाली.

या जागी ६३० व्होल्टचा कंडेन्सर पुरतो, कारण ईएचटी ऋण आहे, कॅथोड उणे २४०० वर आणि प्लेटा एचटीच्या आसपास. पण व्हिडिओ ज्या कंडेन्सरमधून ग्रिडला जातो त्याच्या दोन टोकांत पूर्ण ईएचटी बसते. तिथे ३ किलोव्होल्टच्या खालचं काही लावू नका. आणि ‘जुन्या साठ्यातले, न वापरलेले’ म्हणून विकले जाणारे कागदी कंडेन्सर अजिबात नकोत. न वापरलेला कागदही पाणी पितोच.

आता मोठा साप. एचटी ट्रान्स्फॉर्मरचा मेन्स तेवढा काढला (ट्यूबचा हीटर ईएचटी ट्रान्स्फॉर्मरवर आहे, त्यामुळे ठिपका राहतो) आणि रेघ आक्रसून जाडसर ठिपका झाली. गुन्हेगार तोच. इथे एक बेत रद्द झाला. मेन्सवरचा ईएचटी ट्रान्स्फॉर्मर काढून रेडिओ फ्रिक्वेन्सी ऑसिलेटरची ईएचटी करायची, असं मागे ठरलं होतं. ती जास्त सुरक्षित आहे यात वाद नाही, मेन्सवरची २४०० व्होल्ट ईएचटी हाताला लागली तर दुसरी संधी देत नाही. पण या दुखण्यावर तिचा काडीचा उपयोग नाही.

ट्रान्स्फॉर्मर सोडवून लांब वायरींवर हातातल्या लाकडी फळीवर फिरवला. चासीपासून ६ मिलिमीटर उचलताच रेघ ३ ची २, म्हणजे लोखंडी चासीच क्षेत्र वाहून ट्यूबच्या मानेपर्यंत नेत होती. नव्वद अंशांत वळवला तर एकाहून किंचित जास्त. पण त्या स्थितीत तो लाइन व्हॉल्व्हच्या रांगेवर चढतो.

ट्यूबभोवती म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) कवच आहे ना, असं कोणी विचारेल. आहे. रडारच्या इंडिकेटर युनिटमधून ट्यूबबरोबरच आलेलं. पण मागची बाजू करवतीने कापून हातोडीने सॉकेटभोवती वळवलेली. म्यू-मेटलला ठोकलं, वाकवलं की त्याची चुंबकीय पारगम्यता उतरते, आणि ती परत आणायची तर हायड्रोजनच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवून हळूहळू थंड करावं लागतं. ते इथे शक्य नाही. चुंबकत्व उतरवणारी डीगॉसिंग कॉइल फिरवून पाहिली, रेघेत डोळ्यांना फरक नाही. कवच काढून पाहिलं तर मात्र रेघ दुप्पट झाली, म्हणजे जखमी असलं तरी ते काम करतंय. राहू दे.

कवच खाली ठेवायला चासी उलटी केली आणि मागच्या पट्टीवर रंगाखाली गोल खड्डा दिसला. खरवडला तर आत पत्र्याची चकती रिव्हेटने बसवलेली, आणि तिच्या मागे सात वायरींची कापलेली टोकं. जाड दोन, बारीक पाच. ट्रान्स्फॉर्मरची चार भोकंही बाकीच्यांसारखी पंच केलेली नाहीत, ड्रिलने पाडलेली, कडा खरखरीत. म्हणजे मुळात एचटीचा पॅक वेगळ्या चासीवर होता, केबलने जोडलेला, आणि तो आत नंतर कोणीतरी आणला. ट्रान्स्फॉर्मर बाहेर काढणं म्हणजे मोडतोड होईल म्हणून टाळत होतो, तीच मूळ रचना निघाली! यापेक्षा चांगली बातमी या महिन्यात नाही.

लांब वायरींवर ट्रान्स्फॉर्मर १५ सेंटिमीटरवरून ४५ वर नेला. असं क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं, तिप्पट अंतर म्हणजे सत्ताविसावा हिस्सा. पडद्यावर मेन्स काढल्यावर होता तसाच ठिपका. प्लेटा सोडवल्या, ऑसिलेटर परत बसवले, टेस्ट कार्ड लावलं: उभ्या पट्ट्या ताठ. बारीक निरखलं तर कड केसाएवढी हलते, तो ईएचटी ट्रान्स्फॉर्मरचा वाटा.

तेव्हा पॅक बाहेर. केबलमध्ये हीटरची वायर विचार करून घ्या. आठ ईएफ५० प्रत्येकी ०.३ ॲम्पियर, सात एसपी६१ व्हॉल्व्ह प्रत्येकी ०.६, मिळून ६.६ ॲम्पियर. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर मीटरभर जाऊन-येऊन अर्धा व्होल्ट खाते, आणि ६.३ मधून अर्धा व्होल्ट म्हणजे फारच. दीड चौरस मिलिमीटरला ०.१६ व्होल्ट, ते चालेल. जुनी दोन जाड टोकं यासाठीच होती.

हे लिहिता लिहिता एक भोक लक्षात आलं. ईएचटी आत राहणार आणि एचटी केबलने येणार. केबलचा प्लग सुटला तर टाइमबेस मरतील आणि ईएचटी जिवंत राहील. मग ठिपका आणि जळलेला फॉस्फर. मेन्स त्याच प्लगमधून नेऊन आणणं हा एक मार्ग, पण हीटरच्या शेजारी मेन्सची पिन नको. त्यापेक्षा टीव्हीच्या बाजूला एचटीवर २४ व्होल्ट, २.४ किलोओहमचा रिले, मालिकेत ३३ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड. एचटी ३५० असताना १० मिलिॲम्पियर जातो, रिले ओढला जातो आणि त्याचा २५० व्होल्ट एसीचा संपर्क ईएचटीची प्रायमरी जोडतो. एचटी गेली की ईएचटी गेली. एखादाच टाइमबेस बिघडला तर हा रिले काही करणार नाही, तिथे ब्राइटनेसवर हात हवाच. रिलेची कॉइल डीसीवर आहे, तिच्यातून नवा साप येणार नाही. पण स्थिर क्षेत्रानेही चित्र एका बाजूला सरकतं, म्हणून तो ट्यूबच्या मानेपासून दूर, मागच्या पट्टीवर, त्या रिव्हेटच्या चकतीशेजारी.