घरी केलेले स्वीडिश मीटबॉल्स, सोलापुरी मटण खिम्याचे
काल अर्धा किलो मटण खिमा आणला आणि स्वीडिश मीटबॉल्स केले, तिकडे बीफ-पोर्क घेतात पण आपल्या सोलापुरात मटणच भारी. खरी गोष्ट ब्रेडक्रम्सची आहे, ते १० मिनिटं दुधात भिजवून खिम्यात मिसळायचे म्हणजे गोळे आतून मऊ राहतात. बारीक कांदा, अंडं, मीठ, मिरपूड, जायफळ, बास, काळा मसाला अजिबात नको! बटरवर गोळे तांबूस झाले की काढायचे आणि पॅन न धुता त्यातच मैदा परतून स्टॉक, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी, ओतायचा, तळाचं सगळं खरवडून घ्यायचं, मग क्रीम, गॅस बारीक. सॉस चमच्याच्या पाठीला धरून राहिला की झाला. सोबत तिकडे लिंगनबेरी या छोट्या लाल आंबट फळाचा जॅम असतो, मी करवंदाचा घेतला, आंबटपणा मस्त जमतो. आईने मात्र सॉसमध्ये कडक भाकरी चुरली आणि दोनदा मागून घेतला.