बाकावरचा शेवटचा माणूस

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमपासून जवळच राहत असल्यामुळे २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत मी एंजल्स या तिथल्या बेसबॉल संघाचे सामने जिवाचे कान करून ऐकले आणि जमेल तेव्हा मैदानावर जाऊन पाहिले. माइक ट्राउट आणि शोहेई ओतानी त्या सहाही वर्षांत एकाच संघात होते. ट्राउट २०१९ मध्ये आणि ओतानी २०२१ व २०२३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरीही संघाला एकाही हंगामात निम्मे सामने जिंकता आले नाहीत. २०२१ मध्ये पोटरीच्या दुखापतीने ट्राउटचा हंगाम ३६ सामन्यांत आटोपला, ओतानीने ४६ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले आणि संघ ७७ विजयांवर अडकला.

याचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. क्रिकेटमध्ये जम बसलेला फलंदाज दिवसभर एक बाजू लावून धरतो. बेसबॉलमध्ये मात्र कितीही थोर बॅटर असला, तरी आपली पाळी झाली की उरलेले आठ जण खेळून होईपर्यंत त्याला थांबावेच लागते. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पाच-सहा दिवसांतून एकदा मैदानात उतरतो, आणि हंगाम तर १६२ सामन्यांचा. ट्राउटला १२ वर्षांसाठी दिलेले ४२ कोटी ६५ लाख डॉलर मला कधीच जास्त वाटले नाहीत. माझी तक्रार आहे ती दुखापती सुरू झाल्यावर जखमींच्या जागी उतरवलेल्या खेळाडूंबद्दल, कारण तिथे संघाने वर्षानुवर्षे पुरेसे लक्ष दिले नाही.

ओतानी पुढे लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडे गेला. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी टोरांटो ब्लू जेजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात त्याने दोन होमरन आणि दोन डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले. मग समोरच्या संघाने त्याला चार वेळा मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवले, म्हणजे त्याला बॅट फिरवूच दिली नाही. तो तब्बल नऊ वेळा बेसवर पोहोचला, तरी सामना सुटेना. डॉजर्सकडे पैसा आहे म्हणून ते जिंकतात, असे म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग पाहावा. एकेक पिचर संपत गेला आणि एरवी नऊ इनिंगमध्ये संपणाऱ्या सामन्याच्या पंधराव्या इनिंगमध्ये बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर जिथे हात मोकळा करतात तिथून, विल क्लाइन बाहेर आला. जूनमध्ये एका साध्या अदलाबदलीत मिळालेल्या या खेळाडूला थेट वर्ल्ड सिरीजसाठीच चमूत घेतले होते. त्याने ७२ चेंडू टाकले, चार इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही, आणि अठराव्या इनिंगमध्ये फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने सामना संपला.

तोवर बुलपेनमध्ये डॉजर्सचाच पिचर योशिनोबू यामामोतो हात मोकळा करत होता. दोनच दिवसांपूर्वी त्याने एकट्याने पूर्ण सामना टाकला होता, आणि क्लाइनच्या मागे दुसरे कोणी उरलेच नव्हते. हे पाहताना मला आनंद होत होता, पण ओतानी इथे असताना अनाहाइमच्या बुलपेनमधून असा एखादा क्लाइन बाहेर यावा म्हणून मी किती रात्री वाट पाहिली, तेच राहून राहून आठवत होते.