विधवेला लाल का नेसवलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ऐतिहासिक चित्रपटांची वेशभूषा करते. खेळ संपला की कोणीतरी जवळ येऊन हमखास म्हणतं, "ताई, बाकी सगळं छान जमलंय, पण ती विधवा लाल लुगड्यात कशी? तेवढी चूक झाली ना?"

चूक झालेली नाही. आमच्या चित्रपटाचा काळ एकोणिसाव्या शतकाचा शेवट, गाव वाईजवळचं. त्या काळी आपल्याकडच्या ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं आणि मग मरेपर्यंत अंगावर आलवण. आलवण म्हणजे जाडंभरडं, लाल सुती लुगडं. आत चोळी नाही. पदर कायम डोक्यावरून घेतलेला. बंगालात आणि उत्तरेत विधवा पांढरं नेसत, आणि हिंदी सिनेमाने तेच पांढरं इतकी वर्षं दाखवलं, की आपल्याच पणजीच्या अंगावरचा रंग आज आपल्याला चुकीचा वाटतो. ज्यांच्या घरात अजून कोणी नव्वदीची आजी आहे त्यांनी तिला विचारून बघावं.

जुन्या फोटोंवरून हे कळेल असं वाटतं, पण तिथेच माणूस फसतो. त्या काळच्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल कापड त्यांत काळपट उतरायचं आणि निळं पांढुरकं दिसायचं. फोटोत गडद लुगड्यातली बाई दिसली म्हणून काळा रंग ठरवून मोकळं होता येत नाही. मला खरा आधार मिळाला तो त्या काळच्या बायकांच्या आठवणींतून आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलून.

पण लाल म्हणजे कोणता लाल? बाजारातून लाल सुती कापड आणून पहिली चाचणी केली, तर पडद्यावर चक्क नवरी उभी! दोन दिवस मला झोप लागली नाही. मग कोरं कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, तुरटी दिली आणि मंजिष्ठेत, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळांच्या पाण्यात, रंगवलं. मंजिष्ठेला मंद आच लागते, उकळी फुटली की रंगात तपकिरी झाक येते. एरवी रंगारी ती येऊ नये म्हणून जपतो. आम्ही मुद्दाम उकळी येऊ दिली, तेव्हा कुठे तो विटकरी, थकलेला लाल हाती लागला.

कथा बारा वर्षांची आहे, म्हणून एकाच आलवणाच्या चार अवस्था केल्या. पहिलं खळीचं, अंगाला टोचेल असं. शेवटचं धुऊन धुऊन विरलेलं, बसून बसून मागे फिकट झालेलं, चुलीपुढच्या बाजूला काळवंडलेलं. काचकागदाने एकेक जागा घासायला आठवडा गेला. जरीच्या शालूवर मला इतका वेळ कधीच द्यावा लागलेला नाही.

निर्मात्यांना पांढरंच हवं होतं. "प्रेक्षक गोंधळतील," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही ठरलं, तुम्ही विचारताच आहात. तरी मी हटले नाही. पांढऱ्या साडीतली नटी सुंदर दिसते, तिच्या दुःखालाही एक शोभा येते. आलवण कोणाला शोभावं म्हणून नव्हतंच. लांबून तो रंग दिसला की माणसांनी ओळखायचं आणि शुभकार्याला निघालेल्यांनी वाट बदलायची, यासाठी ते होतं. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून उभे राहिले. आमच्या चित्रपटातल्या न्हाव्याचा हात थबकतो तो त्याच वर्षी. त्याच्यासमोर बसलेल्या मुलीला मी पांढरीशुभ्र साडी नेसवली असती, तर तो कशापुढे थबकला हेच दिसलं नसतं.

एका ठिकाणी मात्र मी इतिहास सोडला. चोळीविना आलवण नेसणं त्या बायकांवर लादलेलं होतं, ते आमच्या नटीवर मी लादणार नव्हते. तिला आतून अंगाच्या रंगाचं वस्त्र शिवून दिलं आणि पदराची घडी अशी घेतली की ते दिसू नये. डोक्यालाही मुंडण दाखवणारा टोपच लावला, वस्तरा नाही.

पुण्यातल्या एका खेळानंतर एक आजी नातवाचा हात धरून थांबल्या होत्या. मला वाटलं, पुन्हा रंगाचंच. त्या म्हणाल्या, "रंग बरोबर आहे गं. आमच्या वडिलांची आत्या होती तशी. दोनच आलवणं तिची, एक अंगावर आणि एक वलणीवर. पण पदर अजून पुढे हवा होता. मी तिच्याजवळ लहानाची मोठी झाले, तिचं कपाळ कधी बघितलं नाही."

मी वही काढली आणि त्यांनाच पदर घेऊन दाखवायला सांगितलं. त्यांनी स्वतःच्या साडीचा पदर भुवयांपर्यंत ओढला, दातांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.