तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा सर्व्हर बदलायचाय, काय घेऊ?

प्रश्न थोड्याफार फरकाने असाच येतो. कोपऱ्यात एक जुना पीसी सर्व्हर म्हणून चालू आहे, त्याला दोन-तीन यूएसबी हार्डडिस्क लटकताहेत, घरातल्या चौघांचे फोन भरत आलेत आणि आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस अजून माळ्यावरच आहे. आता जरा दमदार मशीन घेऊन फोटो, व्हिडिओ, गाणी, सिनेमे सगळं एका जागी आणायचंय. तर प्रोसेसर कोणता घेऊ?

माझं उत्तर असं: प्रोसेसरचं बजेट निम्मं करा आणि उरलेले पैसे आणखी एका डिस्कवर घाला. आज पसारा चार ठिकाणी आहे, म्हणून एक डिस्क गेली तर एक कोपराच जातो. उद्या सगळं एकत्र आणलंत आणि एक चूक झाली, तर बारशापासून बारावीपर्यंतचं सगळं एकदम जाईल. सोयीची ही दुसरी बाजू आधी मिटवायची, मग मशीन.

तरी प्रोसेसरचं आधी उरकून टाकू. घरच्या सर्व्हरचं मुख्य काम म्हणजे फाइल उचलून देणं. टीव्हीला ती फाइल जशीच्या तशी चालत असेल तर दहा वर्षं जुना प्रोसेसरही पुरतो. ताण येतो ट्रान्सकोडिंगला, म्हणजे व्हिडिओ चालू असतानाच त्याचं रूप बदलून द्यावं लागतं तेव्हा. सबटायटल अक्षरांऐवजी चित्रांच्या रूपात असली, किंवा लोकलमध्ये मोबाइल डेटावर फोरके सिनेमा लावला, की ही वेळ येते. हे काम कोअर मोजून होत नाही, इंटेलच्या प्रोसेसरमधला क्विक सिंक हा व्हिडिओचा वेगळा भाग ते करतो. इंटेल एन१०० या छोट्या प्रोसेसरला चारच कोअर आहेत आणि टीडीपी, म्हणजे त्याच्या उष्णतेचा ठरवलेला आकडा, ६ वॅट. तरी तो १०-बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या दोन्ही पद्धती उलगडतो. आठव्या पिढीचा आय५ एचईव्हीसी व्यवस्थित करतो, एव्ही१ मात्र त्याला हार्डवेअरमध्ये जमत नाही. जेलीफिन या सर्व्हरवरचे सिनेमे दाखवणाऱ्या प्रोग्रामवर घरातली दोन-तीन माणसं एकाच वेळी बघणार असतील तर यातलं काहीही चालेल.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला ऑफिसांतून निघालेले आठव्या-नवव्या पिढीचे डेस्कटॉप मिळतात. त्यातला पुस्तकाएवढा छोटा डबा घेऊ नका, त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. टॉवर, म्हणजे मोठं उभं कॅबिनेट घ्या, आणि दुकानातच बाजूचं झाकण उघडून तीन गोष्टी मोजा: डिस्कच्या जागा किती, मदरबोर्डवर डिस्क जोडायचे साटा पोर्ट किती, आणि एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, डिस्कला वीज देणाऱ्या पिना किती. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ही तिसरी गोष्ट हमखास कमी पडते. मग दुकानदार मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर देतो, म्हणजे जुन्या प्रकारच्या पिनेवरून डिस्कला वीज देणारी जोडणी. त्यातले साच्यात ओतलेले, गुळगुळीत प्लॅस्टिकचे कनेक्टर घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींच्या फार जवळ असतात, शॉर्ट होऊन ते वितळतात आणि पेटही घेतात. दाबून बसवलेल्या, पिना वेगवेगळ्या दिसणाऱ्या कनेक्टरला थोडे पैसे जास्त पडतात, तेच घ्या. एन१००चे सहा साटावाले बोर्डही येतात. पण या चिपमध्ये मुळात पीसीआयईच्या, म्हणजे बाकीचे भाग जोडायच्या वाटांच्या, नऊच लेन आणि दोनच साटा आहेत, बाकीचे पोर्ट वेगळ्या कंट्रोलरवर चालतात. घरच्या कामाला ते पुरतात.

झिऑन या इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचा जुना, ऑफिसातला रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतो म्हणून मोह होतो. हिशेब करून बघा. ३० वॅटचं मशीन चोवीस तास चाललं तर महिन्याला साधारण २२ युनिट, १२० वॅटचं चाललं तर ८६. मुंबईत बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा महावितरण, घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. फरकाचे हे ६४ युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यात जाऊन बसतात, दर महिन्याला. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज वन-बीएचकेमध्ये झोपू देत नाही.

रॅम १६ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि फोटोंच्या डेटाबेससाठी एक २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी. फोटोंसाठी इमिच हा प्रोग्राम लावणार असाल तर त्याचा डेटाबेस हार्डडिस्कवर ठेवू नका, अल्बम उघडताना अडखळतं. चेहरे ओळखायला पहिल्या वेळी एन१००ला रात्र-दोन रात्री लागू शकतात, ते एकदाच.

आता डिस्क. किती टीबी हा अंदाज हवेत करू नका. आयफोनवर फोरके ६० फ्रेमचा व्हिडिओ हाय एफिशिअन्सीमध्ये मिनिटाला साधारण ४०० एमबी खातो, ३० फ्रेमचा १७० एमबी. म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधला दहा मिनिटांचा नाच ४ जीबी. हँडीकॅमची मिनी-डीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर तासाला १३ जीबी. ऑडिओ सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता दाबून, साधारण ३०० एमबी. आज जे आहे ते मोजा, त्याची दुप्पट करा, तेवढं घ्या. आणि ४ टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ दिसली तर फसवणूक झाली असं समजू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने.

डिस्क घेताना मॉडेल नंबर घालून ती सीएमआर (नेहमीची, शेजारी-शेजारी ट्रॅकवाली) आहे की एसएमआर हे आधी बघा. एसएमआरमध्ये कौलांसारखे ट्रॅक एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक ओळ बदलायला शेजारच्या ओळी पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून ठेवायच्या बॅकअपला ती चालते. रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवताना, मात्र एक डिस्क बदलून दुसरी भरायची वेळ आली की तिचा वेग इतका पडतो, की कधी कधी डिस्क खराब समजून बाहेरच काढली जाते. बिल घेण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का ते तपासा. परदेशातून आलेल्या किंवा दुसऱ्या मशीनसोबत विकलेल्या डिस्कवर ती दिसत नाही.

घरी आणल्यावर लगेच फोटो भरू नका. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रामने ती चालू राहिल्याचे तास बघा. नवीन डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपासच हवा. मग त्यातलीच लाँग टेस्ट लावा, ४ टीबीला सात-आठ तास लागतात. त्यानंतर बॅडब्लॉक्स या प्रोग्रामने पूर्ण डिस्क लिहून-वाचून घ्या. त्याच्या चार फेऱ्या होतात आणि अडीच ते तीन दिवस जातात. हे कंटाळवाणं आहे, पण कच्ची डिस्क बहुतेकदा इथेच बोलते आणि बदलून मिळण्याची मुदत अजून शिल्लक असते. पुढेही स्मार्टसीटीएलच्या यादीतले पाच, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढताना दिसले तर डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, दोष बहुतेक तिचाच असतो.

रेडचे प्रकार अनेक आहेत, पण घरासाठी माझा कल स्पष्ट आहे: दोन मोठ्या डिस्कचा आरसा, म्हणजे दोन्हींवर तेच ठेवणारा मिरर. चार छोट्या डिस्कचं रेड-५ किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिममधलं तसंच रेडझेड१ कागदावर जास्त जागा देतं, पण वीज, उष्णता आणि आवाज दुप्पट. मिररमध्ये मशीन जळलं तरी एकच डिस्क दुसऱ्या लिनक्स पीसीला लावून वाचता येते, आणि जागा वाढवायची तर एकामागून एक दोन्ही बदलल्या की झालं. झेडएफएसच्या रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ पासून, जानेवारी २०२५ मध्ये आली आहे. ती जरूर वापरा, पण तिच्या भरवशावर सुरुवातीलाच डिस्कमध्ये कंजुषी करू नका.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. एसएमपीएसने उडी मारली तर दोन्ही एकदम जातात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावर ज्यांचं कपाट पाण्यात गेलं, त्यांची कपाटातली दुसरी प्रतही त्याच पाण्यात गेली असणार. तिसरी प्रत दुसऱ्या घरी हवी. ठाण्याला बहीण, डोंबिवलीला मामा, पुण्याला सासर, कुणीतरी असतंच. सिनेमे पुन्हा मिळतात, त्यांचा बॅकअप नको. फक्त फोटो, घरचे व्हिडिओ, कागदपत्रं आणि इमिचचा डेटाबेस घ्या. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं त्या डेटाबेसमध्ये असतात, नुसत्या फोटोंबरोबर ती परत येत नाहीत. एवढ्याला बहुधा २ टीबीची एक यूएसबी डिस्क पुरते. अशा दोन घ्या: एक तिकडे, एक इकडे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी जाल तेव्हा अदलाबदल. डिस्क एन्क्रिप्ट करा, आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला कुठे ठेवलाय ते सांगा.

जागेबद्दल. बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात सर्व्हर ठेवू नका. मे आणि ऑक्टोबरमध्ये खोलीतच ३३-३४ अंश असतात, बंद कप्प्यात डिस्क सहज पन्नाशीकडे जाते. पंचेचाळीसच्या आत ठेवायची, त्यासाठी पुढून हवा घेणारा एक १२० मिलिमीटरचा सावकाश फिरणारा पंखा डिस्कच्या थेट समोर लावला की बहुतेक वेळा भागतं. जमिनीवर ठेवू नका, खिडकीशेजारीही नको. वरळी, वर्सोवा, दादरच्या किनाऱ्याजवळ खारी हवा कनेक्टरवर हिरवट थर आणते. पावसाळ्यात मशीन रोज बंद-चालू करण्यापेक्षा सतत चालू ठेवलेलं बरं, आतली ऊब दमटपणा बाहेर ठेवते. मागच्या मोकळ्या पट्ट्या बंद करा आणि एसएमपीएसच्या जाळीवर बारीक जाळी बसवा. झुरळं आणि पाली ऊब शोधत आत येतात, त्यातून शॉर्ट होतो. शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू असेल तर ही जाळी पंधरवड्याला धुवा.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर सॉकेटचं अर्थिंग नाही. जुन्या चाळीत हे फार सापडतं. वायरमनला बोलावून ते आधी करून घ्या, सर्व्हर नंतर. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो, पण मागे यूएसबी पोर्ट आहे का ते बघून घ्या. तो नसेल तर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळत नाही आणि तो लिहिता लिहिता बंद पडतो. पोर्ट असेल तर नट नावाचा प्रोग्राम त्याला वेळेत बंद करतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्या हवेत दोन-तीन वर्षं टिकते. वर्षातून एकदा प्लग काढून प्रत्यक्ष किती मिनिटं मिळतात ते मोजा.

सर्व्हर आणि टीव्ही दोन्ही राउटरला केबलने जोडलेले बरे. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी मिळायला हवेत. बरोब्बर ११-१२ मिळत असतील तर केबलमधली एखादी जोडी तुटलीय आणि लाइन १०० एमबीपीएसवर उतरलीय, केबलच्या टोकाची क्लिप बदलून बघा. बाहेरून बघायचं असेल तर राउटरवर पोर्ट उघडण्याच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, आणि असला तरी दार उघडं ठेवण्यासारखं आहे. टेलस्केल किंवा वायरगार्ड वापरा, ते फक्त तुमच्या उपकरणांसाठी बंद वाट करून देतात.

एक खास मराठी अडचण. 'दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो' या फोल्डरमधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि नुक्ता (खालचं टिंब) अशी जोडी म्हणून. जुन्या मॅकच्या डिस्कवर तो जोडीने असतो, विंडोजच्या कीबोर्डवरून बहुतेकदा एकच अक्षर येतं. लिनक्सच्या नजरेत ही दोन वेगळी नावं, म्हणून डोळ्यांना हुबेहूब सारखे दोन फोल्डर दिसतात आणि फोटो दोघांत वाटले जातात. कॉपी करण्याआधी कन्व्हएमव्ही या प्रोग्रामने सगळी नावं एनएफसी, म्हणजे एकच अक्षर असलेल्या रूपात आणा. आणि लिनक्समध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, देवनागरीत काना-वेलांटीसकट प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे फक्त ८५ चिन्हं. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.'पासून सुरू होणारी पत्रिकेसारखी लांब नावं मध्येच अडकतात. सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत वर्ष-महिना-दिवस, पुढे दोन-तीन शब्द, एवढं पुरे.

सगळं नव्या सर्व्हरवर नेताना आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामची एक फेरी कॉपीसाठी आणि दुसरी चेकसमसकट, म्हणजे दोन्हीकडच्या फाइल आतून जुळवून, तपासणीसाठी करा. जुन्या डिस्क लेबल लावून तीन महिने तशाच ठेवा, लगेच फॉरमॅट नको. त्या काळात एक दिवस सर्व्हर बंद करून, फक्त बहिणीकडची डिस्क लॅपटॉपला लावून, त्यातला एखादा व्हिडिओ आवाजासकट चालतो का ते बघा.

माळ्यावरच्या व्हीएचएसला मात्र यातलं काही जमेपर्यंत थांबवू नका, ती आजच खाली काढा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. टेप साफ करून मग उतरवून देणाऱ्याकडेच ती द्या, आणि तोपर्यंत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात उभी ठेवा.